पहिल्या पंगतीचा गोंगाट

४ नोव्हेंबर, मंगळवार

"हेड वेटर व्हायचंय ना? मग लिहायची सवय लावा," असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे जहाजाच्या जेवणघराचे मुख्य. "काय घडलं, काय चुकलं, रोज चार ओळी. हाताखाली दहा वेटर आले की तोंडी कारभार चालत नाही." वही कुणाला दाखवायची नाही हेही त्यांनीच सांगितलं, म्हणून हिंमत केली. दुपारची भांडी उचलल्यावर संध्याकाळच्या तयारीआधी दीड तास मोकळा असतो. तेव्हा लिहीन.

वय त्रेपन्न. जहाजावर तेवीस वर्षं झाली, सगळी जेवणघरात. काल दुपारी नवे प्रवासी चढले, चौदा दिवसांची सफर. संध्याकाळच्या जेवणाला दोन पाळ्या असतात, सहाची आणि सव्वाआठची. आम्ही आपसात त्यांना पंगतीच म्हणतो. प्रत्येक प्रवाशाला शेवटपर्यंत तेच टेबल, तीच खुर्ची, तोच वेटर. माझ्याकडे सहा टेबलं, पहिल्या पंगतीला बावीस माणसं. दुसऱ्या दिवशी मला सगळ्यांची तोंडं पाठ होतात, तिसऱ्या दिवशी आवडीनिवडी. ऑर्डर मी आजवर कधी कागदावर लिहून घेतली नाही. ती माझी ऐट आहे म्हणा हवं तर.

जोडीदार या खेपेला नवीन. वेटरनं ऑर्डर घ्यायची आणि स्वयंपाकघरातून ताटं आणायची, जोडीदारानं पाणी, पाव आणि उष्टी भांडी बघायची, अशी वाटणी असते. ही चव्वेचाळीस वर्षांची. अठरा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती, शाळा बंद पडली म्हणून इकडे आली. सगळे तिला बाई म्हणतात, मीही म्हणतो. ती मला दादा म्हणते.

एक तक्रार लिहून ठेवतो. दुरुस्तीत जेवणघराचं छत खाली घेतलंय. त्यामुळे गोंगाट नुसता घुमतो. काल निम्म्या प्रवाशांचं बोलणं धड पोचत नव्हतं. चार नंबरच्या टेबलाला एक आजी आणि तिची नऊ वर्षांची नात आहे. आजी बोलते की स्वतःशीच पुटपुटते, तेच कळत नाही. नशीब, त्यांचं पथ्याचं गुलाबी कार्ड आधीच आलेलं आहे: मुलीला अक्रोड, बदाम, काजू, काही म्हणजे काही चालत नाही. पोटात गेलं तर जीवावर बेतेल. तिचं ताट वेगळं शिजतं. अशा पथ्याच्या ताटांसाठी एक वेगळा कुक आहे, त्याला सगळे पथ्यवाला म्हणतात. अकरा वर्षांचा जुना माणूस, पण तोही हल्ली तोंडातल्या तोंडात बोलायला लागलाय.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रवासी काय काय खातात त्याला सुमार नाही. दोन नंबरला एक निवृत्त जज्जसाहेब बसतात. काल केक वाढला तर म्हणाले, कांदा द्या. मी म्हटलं, असेल बुवा एकेकाची चव. बारीक चकत्या करवून, वर लिंबू ठेवून बशी नेऊन दिली. त्यांनी बशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग केकबरोबर एक चकती खाल्ली हो! खाताना हसत होते. मोठी माणसं लहरी असतात. मागून बाईंनी तिथे उगाच एक काटा नेऊन ठेवला.

बाईंचं काही खरं नाही. मी ऑर्डर घेऊन वळलो की ही माझ्यासमोर येऊन उभी राहते आणि मोठ्यांदा म्हणते, "म्हणजे तीन नंबरला दोन मासे, एक सूप, पाव नंतर. बरोबर ना, दादा?" प्रत्येक टेबलाला. मी काय पहिलीतला पोर आहे? काल बोललो तिला. "सवय आहे हो," म्हणाली, "वर्गात सगळं दोनदा सांगायची." मग आज तिनं खिशात छोटं पॅड ठेवलंय आणि माझ्यामागे उभं राहून गुपचूप टिपून घेते. तेवीस वर्षं ज्यानं डोक्यात ऑर्डरी ठेवल्या त्याच्या पाठीमागे पॅड. लोक काय म्हणत असतील?

स्वयंपाकघरातही हसं झालं. बाईंनी विचारलं, "चहा नेऊ?" मी चहाचा ट्रे भरून दिला. तर ती म्हणे "सहा नेऊ?" असं विचारत होती, सहा नंबरची ताटं. सुपाच्या आधी चहा आलेला बघून सहा नंबरचे लोक बघतच राहिले. माणसानं जरा स्पष्ट बोलावं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस सोन्याचा.

सकाळी बंदराला लागलो. फोनला रेंज आली तसा धक्क्यावर उतरून घरी फोन लावला. लेकीनंच उचलला. दोन वर्षं ती एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या जागेवर काम करतेय. मागच्या खेपेला म्हणाली होती की महिनाअखेर काय तो निकाल लागेल, एक तर कायम करतील नाहीतर नारळ देतील. आज म्हणाली, "बाबा, मला कायम केलं."

मागे क्रेनचा खडखडाट चालला होता. तरी मी ओरडून म्हटलं, "मला माहीतच होतं! मी तुझ्या आईला म्हणालोही होतो, असंच होणार." ती गप्प. पोर हळवी आहे, भरून आलं असणार. मी म्हटलं, "आता सगळ्यांना सांगतो." तर म्हणते, "सगळ्यांना? कशाला, बाबा?" लाजाळू आहे, आईवर गेलीय. मग काहीतरी बोलत होती बराच वेळ, क्रेनमुळे सगळं नाही पोचलं. मी अधूनमधून "छान, छान" म्हणत होतो. शेवटी फोन कट झाला.

बेकरीवाल्याला सांगून एक लहानसा केक करवला, वर "अभिनंदन" लिहून घेतलं. कर्मचाऱ्यांच्या खानावळीत सगळ्यांना वाटला, आणि जहाज सुटायच्या आत केकचा फोटो लेकीला पाठवला. पथ्यवाल्यानं दोन तुकडे घेतले. बाईंनी मात्र विचारलं, "दादा, 'कायम केलं' असंच म्हणाली ना ती? नक्की?"

मी म्हटलं, माझी मुलगी आहे, मला कळणार नाही का? बाईंची शाळा बंद पडलेली, दुसऱ्याची नोकरी पक्की झालेली ऐकून जरा टोचत असेल. माणूस आहे. मी मनावर घेतलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवसांत साहेबांनी बाईंना तीनदा ऑफिसात बोलावलं. मला एकदाही नाही. ती बाहेर येते तेव्हा डोळे खाली. विचारलं तर म्हणते, "काही नाही, नेहमीचंच." ही नक्की माझ्याविरुद्ध साहेबांचे कान भरत असणार. दोन महिन्यांची जुनी नाही आणि हेड वेटरच्या जागेवर डोळा? तसं असेल तर असो. काम बोलतं.

लेकीचं फोटोवर उत्तर नव्हतं. जहाज निघेपर्यंत डेकवर उभा होतो. आता चौदा तारखेशिवाय रेंज नाही.

खरं सांगायचं तर दोन रात्री नीट झोप नाही. काही केलं नसताना काहीतरी केल्यासारखं वाटतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चार नंबरच्या नातीनं आज मला माझंच चित्र काढून दिलं. हातात पाच ताटं आणि भुवया वर. "तुम्ही नेहमी असे बघता," म्हणाली. "कसे?" "म्हणजे कोडं घातल्यासारखं." आजीनं तिला दटावलं बहुतेक, ओठ हलले तिचे. मी हसलो. चित्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांनी सांगितलंय की जसं घडलं तसं लेखी द्या. आधी इथे लिहून बघतो.

काल खास जेवणाचा दिवस होता. शेवटी पुडिंग. एकात अक्रोडाची पूड, एक साधं. वरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्या पंगतीची ताटं धडाधड सुटत होती, शेजारी भांडी धुवायचं यंत्र चालू. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो. पथ्यवाल्यानं एक वाटी पुढे सरकवली आणि म्हणाला, "हे चार नंबरच्या मुलीला द्यायचं." साफ ऐकलं मी. वाटी घेतली, नेऊन मुलीसमोर ठेवली आणि दोन नंबरकडे वळलो.

तेवढ्यात बाई. पाच नंबरचा पाण्याचा जग तिथेच टाकून धावत आल्या आणि पोरीच्या हातातला चमचा ओढून घेतला, सगळ्या लोकांदेखत. मला राग आला. मग पोरीच्या ओठांकडे लक्ष गेलं. सुजायला लागले होते. एक घास गेला होता. ती गळ्याशी हात नेऊन आजीकडे बघत होती आणि शिटीसारखा श्वास घेत होती.

आजीनं पर्समधून इंजेक्शनचं पेन काढलं, पण तिच्या हाताला टोपण निघेना. बाईंनी काढलं आणि आजीनं पोरीच्या मांडीत टोचलं. मी डॉक्टरांना आणायला पळालो. तेवढंच मला सुचलं. स्ट्रेचर गेलं तेव्हा जज्जसाहेब उठून उभे राहिले होते आणि बाकीचं सगळं जेवणघर गप्प होतं. तेवीस वर्षांत तसं जेवणघर मी पाहिलेलं नाही.

पोर वाचली. आज सकाळी दवाखान्याच्या दारातून बघितलं, झोपली होती. आत जायचा धीर झाला नाही.

सकाळी चौकशी झाली. पथ्यवाला म्हणाला, "मी यांना सांगितलं होतं, हे तिला द्यायचं नाही, तिचं मागून येतंय. ती वाटी आजीची होती." तोंडावर खोटं! अकरा वर्षांचा माणूस. मी सांगितलं, हा स्पष्ट म्हणाला, द्यायचं. साहेबांनी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी खिडकीशी नव्हते." एवढंच. मला वाटलं होतं, त्या माझ्या बाजूनं बोलतील किंवा माझ्या विरुद्ध तरी.

साहेबांनी निर्णय दिला. पथ्याची जबाबदारी पथ्यवाल्याची. पथ्याच्या टेबलाच्या प्रत्येक ताटावर, वाटीवर कार्ड लावायचा नियम आहे, ते त्यानं लावलं नव्हतं. सतरा तारखेला त्याला उतरवणार. माझ्याबद्दल साहेब म्हणाले, "तुमचा आजवर एक डाग नाही." पथ्यवाला माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. नुसता बघत होता, जसं काही माझ्या तोंडावर उत्तर लिहिलेलं आहे.

माझ्या मनात त्याच्याबद्दल आकस नाही. पण चूक ती चूक.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी नाश्त्यानंतर रिकाम्या जेवणघरात नॅपकिनांच्या घड्या घालत होतो. खूप वेळानं कुणीतरी खांद्याला हात लावला. बाई होत्या. समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"दादा, मी दारापासून तीन हाका मारल्या."

"छत," मी म्हटलं.

"आत्ता इथे कुणी नाही. गोंगाट कसला?"

मी घडी घालत राहिलो. त्या बोलत राहिल्या, सावकाश, माझ्याकडे तोंड करून. "माझ्या वर्गात दर दोनेक वर्षांनी असं एखादं मूल यायचं. हुशार असायचं. फळ्याकडे बघायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं. घरचे म्हणायचे, याचं लक्षच नसतं. मला कळायला एक वर्ष लागलं होतं पहिल्या मुलाचं. त्या वर्षभरात मी त्याला किती रागावले असेन." मग म्हणाल्या, "तुमचं लक्ष नाही असं मी कधीच म्हणणार नाही. तुमच्याइतकं लक्ष मी कुणाचं पाहिलं नाही. पण ऐकू येत नाही तुम्हाला. आणि त्या पथ्यवाल्याला सोमवारी उतरवतायत."

मी काय बोललो ते लिहायची लाज वाटते. थोडक्यात, माझी जागा हवी असेल तर सरळ मागा, असं म्हणालो. त्या उठल्या. "मला मुलांची बडबड ऐकत म्हातारं व्हायचं होतं," म्हणाल्या. "मला तुमची जागा काय करायचीय?" आणि गेल्या.

दुपारी बंदर आलं. फोन हातात थरथरला. बायकोचा संदेश होता, चार दिवसांपूर्वीचा. तो जसाच्या तसा उतरवतो.

"अहो, तुम्हाला झालंय तरी काय? पोरीला कामावरून कमी केलं. रडवेली होऊन तुम्हाला सांगतेय आणि तुम्ही म्हणता मला माहीतच होतं? छान छान? वर केक? ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. बाबा असं का वागले म्हणून मला विचारते. मी काय सांगू?"

मी केबिनमध्ये येऊन दार लावलं. कमी केलं. कायम केलं. दोन्ही मोठ्यांदा म्हणून बघितलं. मग कानांवर हात ठेवून म्हणून बघितलं. मग पथ्यवाल्याचं वाक्य म्हटलं. हे चार नंबरच्या मुलीला द्यायचं नाही. आपल्या बोलण्यात नकार शेवटी येतो आणि शेवटी आवाज पडतो. किती दिवस मी वाक्यांची शेपटं सोडून देत होतो आणि उरलेलं स्वतः भरत होतो? आणि भरताना नेहमी मला हवं तेच भरत होतो. पोरगी कायम झाली. कुकनं द्यायला सांगितलं.

जज्जसाहेबांनी काटा मागितला होता.

सव्वातीन वाजता साहेबांच्या ऑफिसात गेलो. उभ्यानंच सांगितलं, "पथ्यवाला खरं बोलला. मला ऐकू आलं नाही. मला बऱ्याच दिवसांपासून नीट ऐकू येत नाही."

साहेबांनी बसायला सांगितलं. मग ड्रॉवरमधून एक फाइल काढून माझ्यासमोर उघडली. चुकलेल्या ऑर्डरींचे कागद. आमच्या सहा टेबलांचे सात. मासा सांगितला होता तर सूप गेलं, सुपाआधी चहा, असले. सगळ्यांखाली बाईंची सही. "परवाच त्यांना शेवटची ताकीद दिली," साहेब म्हणाले. "आणखी एक झाली की घरी."

"हे माझे आहेत," मी म्हटलं. "सातही."

"आणि मेडिकलला? दर वर्षी कानांची तपासणी होते ना?"

"काचेच्या पलीकडे तपासणारा बसतो. आवाज सोडला की त्याचा खांदा हलतो. खांदा हलला की मी बटण दाबायचो." हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तीन वर्षं खांदा बघून बटण दाबणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? कुठेतरी माहीत होतं.

साहेबांनी फाइल बंद केली. मग म्हणाले, आणि त्यांनी मुद्दाम हळू म्हटलं, "तुम्हाला आता हॉलमध्ये पाठवता येणार नाही."

"कळलं," मी म्हटलं. ते पूर्ण ऐकू आलं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पथ्यवाल्याकडे गेलो. तो गाजरं चिरत होता. मी माफी मागितली. सुरी थांबली नाही. हातातलं गाजर संपल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "दोन दिवस झाले, घरी काय सांगायचं ते जुळवत होतो. अजून एक वाक्य जुळलं नव्हतं." मग म्हणाला, "कार्ड मी लावायला हवं होतं. ते माझंच." मी हात पुढे केला. त्यानं आपला हात दाखवला, गाजरानं माखलेला होता. तो तसाच धरला.

मग चार नंबरच्या आजीकडे. नात बरी आहे, डेकवर खुर्चीत पांघरूण घेऊन बसली होती. मी सगळं सांगितलं. आजी बोलली. मी बघत राहिलो, पण तिच्या ओठांवरून काही कळेना. तेव्हा नातीनं मोठ्यांदा सांगायला सुरुवात केली.

"आजी म्हणतेय, माहीत होतं तर सांगायचं नाही का?"

"थोडं माहीत होतं," मी म्हटलं. "भीती वाटली."

"आजी म्हणतेय, कसली?"

"नोकरीची. आणि लोक ओरडून बोलायला लागतात त्याची."

आजी पुन्हा काही बोलली. "आजी म्हणतेय की ती खूप रागावलीये आणि राग काही लवकर जायचा नाही." मी मान हलवली. ते रास्तच होतं. मी वळलो तेव्हा पोरीनं मागून शर्ट ओढला.

"आजी विचारतेय, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत का?"

मी नाही म्हटलं. आजीनं शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवली आणि स्वतःच्या बशीतला पाव पुढे केला. तेवीस वर्षांत प्रवाशाच्या टेबलाशी बसून मी पहिल्यांदा खाल्लं.

१६ नोव्हेंबर, रविवार

माझी टेबलं बाईंकडे दिलीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. बाई ऑर्डरी कागदावर लिहून घेतात आणि प्रत्येक प्रवाशाला वाचून दाखवतात. वेळ लागतो, पण ताट चुकत नाही. आता पथ्याचं कुठलंही ताट कार्डाशिवाय आणि सहीशिवाय खिडकीतून सुटायचं नाही, असा साहेबांनी कागद लावलाय.

संध्याकाळी तयारीच्या वेळी बाईंना म्हटलं, "त्या सात सह्या का केल्यात? पुढे काय झालं असतं?"

त्या ग्लास पुसत होत्या. ग्लास खाली ठेवून माझ्याकडे वळल्या. "आधी वाटलं, एकदोनदाच होईल. मग वाटलं, तुमची हेड वेटरची मुलाखत होऊन जाऊ दे. मग ती मुलगी." पुढे म्हणाल्या, "ते माझंही चुकलं, दादा. पहिल्याच आठवड्यात बोलायला हवं होतं. मी सांभाळून घेत बसले आणि घास त्या पोरीच्या तोंडात गेला."

काही काम असेल तर द्या, असं मी हातानं खुणावलं. त्यांनी फडकं दिलं. सहाच्या घंटेपर्यंत दोघांनी मिळून बावीस ग्लास पुसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उतरलो. साहेबांनी पत्र दिलंय: कानांचे उपचार करा, मशीन बसवा, तीन महिन्यांनी खरी तपासणी द्या. पास झालात तर नव्या वेटरांना शिकवायचं काम आहे, हेड वेटरचं नाही. नापास झालात तर काय, ते पत्रात नाही.

घरी पोचलो तर लेक मैत्रिणीकडे गेलेली. बायको म्हणाली, "येईल." मी सगळं सांगितलं. बायको ऐकून म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला आता आमच्याशी बोलावंसंच वाटत नाही." तीन वर्षं हिला असं वाटत होतं, आणि मी नेटवर्कला शिव्या देत होतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज कानांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. गेले नऊ दिवस लेक माझ्याशी मोजकंच बोलत होती. जेवायला चला. किल्ली कुठेय? आईनं तिला सगळं सांगितलंय, तरी. कारण कळलं म्हणून लागलेलं पुसलं जात नाही, हे मला मान्य आहे. सकाळी मी बूट घालत असताना ती आपली आपण तयार होऊन दारात उभी राहिली.

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर सतरावा. भिंतीला लागून बाकं, एक टीव्ही, कुणाचं तरी रडणारं बाळ. ती माझ्याशेजारी बसली, समोर बघत. थोड्या वेळानं काहीतरी बोलली.

माझी मान आपोआप हलायला लागली होती, ओठांवर "छान" आलं होतं. गिळलं. म्हटलं, "ऐकू आलं नाही. परत सांग."

तिनं माझ्याकडे बघितलं. परत सांगितलं. मला "साहेब" आणि "कागद" एवढं कळलं. म्हटलं, "अजून नाही. परत." समोरच्या बाकावरची माणसं बघायला लागली. तिसऱ्यांदा निम्मं कळलं. चौथ्यांदा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवला आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी म्हटलं, साहेबांनी मला आत बोलावलंसुद्धा नाही, बाबा. कागद टेबलावर ठेवून गेले. दोन वर्षं काम केलं मी तिथे."

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? वस्तू गोळा केल्या. मग तुम्हाला फोन लागायची वाट बघितली. आठ दिवस."

आठ दिवस. मान खाली घालता येत नव्हती, कारण खाली घातली असती तर पुढचं कळलं नसतं. तिचे डोळे भरले होते आणि ती थोडी हसतही होती, कारण मघाचा आरडाओरडा ऐकून रडणारं बाळ दचकून गप्प बसलं होतं.

"आता पहिल्यापासून सांग," मी म्हटलं. "त्या दिवशी सकाळी कामावर गेलीस तिथपासून. आपला नंबर यायला वेळ आहे."

तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली, माझ्याकडे पुरती वळून बसली आणि सांगायला लागली.